वैद्य, विद्वान आणि तीन दारे

वाराणसीस मणिकर्णिका घाटाला लागून उत्तरेकडे शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी तो १८३० साली बांधविला. बांधकाम इतके अवजड झाले की त्याच्या भाराने काठ खचला आणि घाटाचा काही भाग नदीपात्रात उतरला. शेजारचे रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आजही एका अंगाला कललेले आहे व वर्षातील बराच काळ त्याचा गाभारा पाण्यात असतो. जवळच नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे. पुढे पंचगंगा, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट या परिसरात मराठी घराण्यांची जुनी वस्ती आहे. हा घाट बांधणाऱ्या बायजाबाईंना अवघ्या तीन वर्षांनी, १८३३ मध्ये, ग्वाल्हेर सोडावे लागले. आग्रा, फर्रुखाबाद, अलाहाबाद आणि पुढे नाशिक असा त्यांचा प्रवास झाला. आणि कोठे राहावे या साध्या प्रश्नासाठीदेखील एकेकाळच्या या राज्यकर्त्या स्त्रीस कंपनी सरकारच्या मर्जीची वाट पाहावी लागली.

परक्या भूमीवर पाऊल ठेवण्याचा, तेथे राहण्याचा आणि तेथे काम करण्याचा अधिकार माणसाला कोण देतो, हा प्रश्न आजचा नव्हे. काशीसारख्या नगरीत तर तो शतकानुशतके विचारला गेला आहे, कारण ही नगरी बाहेरून आलेल्या विद्वानांनीच घडविलेली आहे. आजच्या व्याख्यानात या प्रश्नाचा विचार दोन प्रकारच्या माणसांपुरता करावयाचा आहे. एक वैद्य, म्हणजे आजच्या भाषेत डॉक्टर. आणि दुसरा संशोधक. या दोघांची स्थिती इतर प्रवाशांहून निराळी असते. व्यापाऱ्याचा माल सीमेवर तपासता येतो. यात्रेकरू दर्शन घेऊन परततो. परंतु वैद्य आणि विद्वान यांच्याजवळ जे असते ते डोक्यात असते. त्याची पारख सीमेवरील शिपाई करू शकत नाही. म्हणून त्यांना एकाऐवजी अनेक दारे ओलांडावी लागतात. पहिले दार विद्येचे: तुमचे ज्ञान आम्ही मान्य करतो, असे त्या विद्येच्या जाणकारांनी म्हणावे लागते. दुसरे दार राज्याचे: तुम्ही येथे राहण्यास आमची हरकत नाही, असे सत्तेने म्हणावे लागते. आणि तिसरे दार मायदेशाचे: जाऊ देण्याचे, आणि गेलेल्याला परत घेण्याचे. ही तिन्ही दारे एकाच वेळी उघडी असण्याचे प्रसंग इतिहासात थोडे आहेत.

काशीतील विद्येच्या दारापासून प्रारंभ करणे सोयीचे होईल. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैठणचे रामेश्वर भट्ट काशीस येऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट, पुढील पिढ्यांत ‘निर्णयसिंधु’ हा ग्रंथ १६१२ मध्ये लिहिणारे कमलाकर भट्ट, आणि १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे सर्व त्याच कुळातील. बाहेरून आलेल्या एका घराण्याचा शब्द दीडशे वर्षांत धर्मशास्त्राच्या बाबतीत अखेरचा मानला जाऊ लागला, तो कोणत्या परवान्याने? परवाना होता तो सभेचा. नवा पंडित आला की शास्त्रार्थ होई. प्रतिपक्षाचे समाधान झाले किंवा तो निरुत्तर झाला, की नव्या पंडिताला सभेत स्थान मिळे. एखाद्या वादाचा निर्णय विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात झाला म्हणजे निर्णयपत्रावर पंडितांच्या संमती घेतल्या जात. सतराव्या शतकातील अशा पत्रांवर दक्षिणेकडील पंडितांची नावे मोठ्या संख्येने आढळतात. आजच्या वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव चढणे आणि त्या काळच्या निर्णयपत्रावर संमती देण्याचा मान मिळणे, या दोन गोष्टींत तत्त्वतः फारसे अंतर नाही. दोन्ही ठिकाणी जाणकारांनी जाणकाराला ओळखलेले असते.

अर्थात, हे दार सर्वांसाठी उघडे होते असे म्हणता येणार नाही. ते जातीने व जन्माने बंदिस्त होते. शास्त्रार्थाला बसण्याचा अधिकार ज्यांना मुळातच नव्हता, अशांची संख्या कितीतरी मोठी होती. विद्येची पारख करणारी मंडळी आपल्या व्यवसायाचे रक्षणही करीत असतात आणि पुष्कळदा या दोन हेतूंची सरमिसळ होते. ही गोष्ट पुढील विवेचनात पुन्हा आढळेल.

राज्याचे दारही काशीत होते. मोगल काळात यात्रेकरूंवर कर होता. शाहजहानकडे रदबदली करून काशी आणि प्रयाग येथील हा कर माफ करविला तो कवींद्राचार्य सरस्वती यांनी. हे मूळचे गोदावरीतीरचे ऋग्वेदी संन्यासी. कृतज्ञ पंडितांनी त्यांच्या स्तुतिपर रचनांचा ‘कवींद्रचंद्रोदय’ हा संग्रह सिद्ध केला. त्यांच्या ग्रंथसंग्रहाची यादी विसाव्या शतकात छापली गेली. तीत दोन हजारांहून अधिक ग्रंथांची नोंद आहे.

याच काळात एक परदेशी डॉक्टर काशीस आला. त्याचे नाव फ्रान्स्वा बर्निए. जन्म १६२० चा. वैद्यकाची पदवी माँपेलिए येथील, १६५२ ची. सुरतेस उतरल्यावर तो काही दिवस दारा शुकोहच्या सोबत होता व पुढे औरंगजेबाच्या दरबारातील दानिशमंद खान या विद्याव्यासंगी सरदाराच्या आश्रयास राहिला. खान स्वतः इराणातून आलेला होता. बर्निएचे काम केवळ नाडी पाहण्याचे नव्हते. रक्ताभिसरणाविषयी हार्वेने लावलेला शोध, पेके याचे शरीररचनेवरील संशोधन, गासेंदी आणि देकार्त यांचे तत्त्वज्ञान हे सर्व तो खानाला फारसीत समजावून सांगत असे. या बैठकांत एक काशीचा पंडितही असे. शाहजहानने त्याला दोन हजार रुपयांचे वर्षासन बांधून दिले होते. औरंगजेबाने ते बंद केल्यावर तो खानाकडे आला व सुमारे तीन वर्षे बर्निएच्या सहवासात राहिला. हा पंडित म्हणजे कवींद्राचार्यच, असे पुण्याच्या भांडारकर संस्थेतील अभ्यासक प. कृ. गोडे यांनी प्रतिपादन केले आहे. १६६५ च्या अखेरीस बर्निए काशीस गेला तेव्हा या पंडिताने त्याचे स्वागत केले, ग्रंथांनी भरलेले दालन दाखविले आणि नगरातील इतर पंडितांशी त्याची चर्चा घडवून आणली.

इराणी सरदार, फ्रेंच डॉक्टर आणि गोदातीरचा संन्यासी या तिघांपैकी एकही ज्या गावी बसला होता तेथला नव्हता. त्यांना एकत्र आणणारी वस्तू एकच होती, ती म्हणजे आश्रय. त्या काळी राज्याचे दार म्हणजे एखाद्या व्यक्तीची मर्जी. मर्जी असेतो वर्षासन मिळे. मर्जी फिरली की ते बंद होई. बर्निएला कोणताही व्हिसा लागला नाही, पण त्याला कोणताही हक्कही नव्हता. पूर्वी सीमा मोकळ्या होत्या असे पुष्कळदा मोठ्या हळहळीने सांगितले जाते. त्या मोकळेपणाची ही दुसरी बाजू विसरता कामा नये.

व्यक्तीच्या मर्जीची जागा लेखी परवान्याने घेतली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात. कंपनीच्या मुलखात राहू इच्छिणाऱ्या युरोपियनाला, मग तो इंग्रज का असेना, कंपनीचा परवाना काढावा लागे. १८१३ च्या प्रारंभी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन धर्मोपदेशक मुंबईस उतरले, तेव्हा त्यांना परत जाण्याचा हुकूम झाला होता. पुष्कळ अर्जविनंत्यांनंतर त्यांना राहू दिले गेले आणि अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू झाले. १८३३ च्या सनदी कायद्याने हे परवान्याचे बंधन बव्हंशी दूर केले. तेव्हापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंतचा काळ हा जगात एकंदरीत राज्याचे दार सैल असण्याचा काळ होय. जर्मन संस्कृतज्ञ जॉर्ज थिबो यांनी काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापन केले ते याच काळात. त्यांच्या आधी, १८४२ मध्ये, नागपुरात शिकलेले बापूदेव शास्त्री तेथे गणिताचे अध्यापक झाले होते. सीमा सैल होत्या. विद्येचे दार मात्र आता सभेकडून महाविद्यालयाकडे आणि पदवीकडे गेले होते.

या काळातील सर्वांत बोलके उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे आहे. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. वय अठरा. तेथे कोणी व्हिसा मागितला नाही, कारण तशी पद्धतच नव्हती. तथापि अमेरिकेचे दार अगदीच मोकळे होते असेही नाही. आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, तेथे दोन कायदे झाले होते. एकाने चिनी मजुरांना प्रवेश नाकारला. दुसऱ्याने गुन्हेगार, वेडे आणि सार्वजनिक खर्चावर भार होण्याचा संभव असलेले लोक यांना मज्जाव केला. आनंदीबाई यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नव्हत्या. शिवाय न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांचे घर त्यांच्यासाठी उघडे होते. विद्येचे दार फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाने उघडले. अधिष्ठात्या रेचेल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली.

त्यांना अवघड गेले ते तिसरे दार, मायदेशाचे. समुद्रपर्यटन त्या काळी निषिद्ध मानले जाई. परदेशाहून आलेल्याला प्रायश्चित्त द्यावे की नाही, त्याला पंक्तीस घ्यावे की नाही, अशा प्रश्नांवर धर्मशास्त्र्यांची व्यवस्थापत्रे मागविली जात आणि त्यांत काशीच्या पंडितांच्या मताला मोठे वजन असे. म्हणजे ज्या नगरीने बाहेरच्या विद्वानाला सभेने पारखून आपलेसे केले, तीच आता बाहेर गेलेल्याला आत घ्यावे की नाही याचा निवाडा करीत होती. निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, आनंदीबाईंनी श्रीरामपूर येथील महाविद्यालयात भाषण करून आपण का जात आहोत हे सांगितले, आणि आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार असे जाहीर केले. हे भाषण म्हणजे एका अर्थी मायदेशाकडे केलेला परतीच्या परवान्याचा अर्जच होता. कोल्हापूर संस्थानाने त्यांची आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमणूक केली होती. परंतु क्षयाने खंगलेल्या अवस्थेत त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरची जागा त्यांना भूषविता आलीच नाही.

आनंदीबाईंनंतर चाळीस वर्षांच्या आत चित्र पालटले. १९१७ च्या कायद्याने अमेरिकेने आशियाचा एक विस्तीर्ण पट्टा प्रतिबंधित ठरविला व त्यात भारत आला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस नागरिकत्वास अपात्र असल्याचा निकाल दिला. १९४६ मध्ये हे दार किलकिले झाले, तेही वर्षाला शंभर माणसांपुरते.

राज्याच्या दाराचा हा काच किती निरनिराळ्या प्रकारांनी जाणवे, हे दोन मराठी माणसांच्या आयुष्यावरून दिसते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले आणि गदर चळवळीत पडले. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे दार त्यांना बंद झाले. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयाने त्यांना अध्यापक केले आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी महत्त्वाचे संशोधन केले. मायदेशी त्यांना स्वातंत्र्यानंतरच येता आले. १९६७ मध्ये नागपूर येथे ते वारले. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस यांची गोष्ट याच्या उलट. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीस राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात ते होते. नागपूरचे डॉक्टर चोळकरही त्यात होते. चीनने बोलावले होते, त्यामुळे तेथील दाराचा प्रश्न नव्हता. युद्धभूमीवर पदवीची छाननी करीत बसण्यास कोणास वेळ नव्हता. कोटणीस बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्यांनी तेथेच विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला. गरज पुरेशी तीव्र असली की सर्व दारे आपोआप उघडतात, हाच त्यांच्या जीवनकथेचा या विषयापुरता अर्थ होय.

स्वातंत्र्योत्तर काळात हा नियम अधिक स्पष्ट झाला. ब्रिटनचे उदाहरण घेऊ. १९३० मध्ये तेथील जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्या धक्क्यातूनच १९३३ चा भारतीय वैद्यक परिषदेचा कायदा झाला, आणि पुढे मान्यता पुन्हा मिळाली. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा डॉक्टरांची चणचण होती. राष्ट्रकुलातील नागरिक त्या वेळी ब्रिटनमध्ये मुक्तपणे जाऊ शकत. १९६२ च्या कायद्याने हा प्रवेश नियंत्रित केला, तरी कुशल व्यक्तींसाठी अनुमतिपत्रांचा स्वतंत्र वर्ग ठेवला आणि डॉक्टर त्यात बसत. १९७५ मध्ये भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता पुन्हा गेली, आणि त्याच वर्षी परदेशी डॉक्टरांसाठी भाषेची व व्यावसायिक ज्ञानाची परीक्षा सुरू झाली. तिलाच पुढे ‘प्लॅब’ हे नाव मिळाले.

२००६ च्या वसंतात प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना परवान्याविना राहू देणारी सवलत एकाएकी रद्द झाली. ब्रिटनमधील भारतीय वंशाच्या डॉक्टरांची ‘बापिओ’ ही संघटना न्यायालयात गेली. आरोग्य खात्याने रुग्णालयांना काढलेली मार्गदर्शक सूचना बेकायदेशीर होती, असा निर्णय उमराव सभेच्या न्यायपीठाने एप्रिल २००८ मध्ये दिला. बर्निएच्या काळाशी याची तुलना करण्यासारखी आहे. कवींद्राचार्यांचे वर्षासन बंद झाले तेव्हा त्यांना दुसरा आश्रयदाता शोधावा लागला. या डॉक्टरांना न्यायाधीशासमोर उभे राहता आले. कागदाच्या राज्यात कागदावर बोट ठेवता येते, हा त्याचा मोठा गुण.

ब्रिटनमध्ये २०२० पासून दोन मार्ग विशेष महत्त्वाचे झाले. डॉक्टरांसाठी आरोग्य व परिचर्या व्हिसा. यासाठी मान्यताप्राप्त नियोक्त्याकडून नोकरीचा देकार हाती असावा लागतो. संशोधकांसाठी ‘ग्लोबल टॅलेंट’ व्हिसा. यात नोकरीऐवजी मान्यवर विद्वत्संस्थेची शिफारस चालते. पहिल्यात डॉक्टर नियोक्त्याशी बांधलेला असतो, दुसऱ्यात संशोधकाला अधिक मोकळीक असते. हा फरक अर्जदाराने आधीच ध्यानात घ्यावा. जुलै २०२५ मध्ये काळजीवाहू सेवकांची परदेशातून होणारी नवी भरती पहिल्या मार्गाने बंद करण्यात आली, डॉक्टरांची मात्र चालू राहिली. एकाच दाराची एक फळी बंद आणि दुसरी उघडी, असा हा प्रकार.

अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने देशवार कोट्याची जुनी व्यवस्था मोडली आणि व्यावसायिकांना प्राधान्य दिले. मराठी डॉक्टरांच्या आजच्या अमेरिकेतील वस्तीचा पाया या कायद्याने घातला. १९७६ मध्ये तेथील काँग्रेसने डॉक्टरांची टंचाई संपल्याचे जाहीर करून निर्बंध घातले. आजच्या मार्गांचा थोडक्यात परिचय असा. विद्येच्या दारी परदेशी वैद्यक पदवीधरांच्या शिक्षण आयोगाचे प्रमाणपत्र आणि १९९२ पासून सुरू असलेली परवाना परीक्षा आहे. राज्याच्या दारी प्रशिक्षणासाठी बहुतेकांना जे-१ हा विनिमय व्हिसा मिळतो. त्याची अट अशी की प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहून यावे लागते. यातून सुटकेचा एक मार्ग १९९४ मध्ये निघाला. डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात तीन वर्षे सेवा केल्यास परतीची अट माफ होते. आज प्रत्येक राज्याला वर्षाला अशा तीस सवलतींची शिफारस करता येते. दुसरा व्हिसा एच-१बी. त्याची वार्षिक मर्यादा पासष्ट हजार असून अमेरिकेतील उच्च पदवीधरांसाठी आणखी वीस हजारांची तरतूद आहे. विद्यापीठे आणि ना-नफा संशोधनसंस्था या मर्यादेबाहेर आहेत. सप्टेंबर २०२५ मधील अध्यक्षीय घोषणेने या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार घातला. असाधारण कर्तृत्व सिद्ध करणाऱ्या संशोधकासाठी ओ-१ आहे. कायम वास्तव्यासाठी राष्ट्रहिताच्या कारणाने नोकरीच्या देकाराची अट माफ करवून घेण्याचाही मार्ग आहे. परंतु कोणत्याही एका देशाला एकंदर संख्येच्या सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. त्यामुळे भारतीयांची रांग फार लांब आहे. पात्रता मान्य झाली तरी वर्षानुवर्षे ताटकळावे लागते.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने आपल्या कौशल्यसूचीतून भारताचे नाव वगळले, त्यामुळे पुष्कळ संशोधकांवरील दोन वर्षांच्या परतीचे बंधन गेले. वैद्यकीय प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांवरील बंधन मात्र राहिले. उलट मायदेशानेही आपले दार हातात ठेवले: अमेरिकेच्या या अटीतून सुटण्यासाठी लागणारे ‘परतण्याचे बंधन नाही’ असे प्रमाणपत्र डॉक्टरांना द्यावयाचे नाही, असे धोरण भारत शासनाने २०११ मध्ये स्वीकारले. आनंदीबाईंच्या काळी गेलेल्याला आत घ्यावे की नाही असा वाद होता. आता गेलेल्याने परत यावे यासाठी खटपट आहे.

इतरांच्या दारांची ही चर्चा करताना स्वतःच्या दाराकडे पाहणे प्राप्त आहे, आणि त्यासाठी पुन्हा काशीकडे वळले पाहिजे. भारतीय कलेच्या स्विस अभ्यासक आणि शिल्पकार अ‍ॅलिस बोनर यांनी १९३६ पासून सुमारे चार दशके अस्सी घाटाजवळ राहून भारतीय मंदिरशिल्पाचा अभ्यास केला. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. तशा अभ्यासकाला आज काय करावे लागेल? संशोधन व्हिसा काढावा लागेल. त्यासाठी विषय नमूद करावा लागतो आणि भारतीय संस्थेशी संलग्नता दाखवावी लागते. व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असल्यास आल्यानंतर चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. पर्यटक म्हणून येऊन हस्तलिखिते चाळत बसणे नियमबाह्य ठरू शकते. १९३९ चा परदेशी नागरिक नोंदणी कायदा आणि १९४६ चा विदेशी नागरिक कायदा यांची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून एका नव्या एकत्रित कायद्याने घेतली आहे.

परदेशी डॉक्टरांच्या बाबतीत भारताची रीत पूर्वीपासून सावध आहे. परदेशी नागरिक असलेल्या डॉक्टराला अध्यापन, संशोधन वा धर्मादाय कार्यासाठी तात्पुरती नोंदणी मिळू शकते. खुला व्यवसाय करण्याची मुभा सहसा नसते. परदेशात शिकून आलेल्या भारतीयालाही २००२ पासून चाळणी परीक्षा द्यावी लागते. २०२० मध्ये वैद्यक परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोग आला, पण चाळणी राहिली.

या नियमांतील एक विसंगती परदेशस्थ मराठी कुटुंबांना विशेष जाणवेल. अमेरिकेत जन्मलेली, तेथील नागरिक असलेली आणि भारताचे प्रवासी नागरिकत्वपत्र बाळगणारी एखादी तरुण डॉक्टर येथील नोंदणीचे नियम पाळून अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने वैद्यकीय व्यवसाय करू शकते. परंतु तिला येथे संशोधन करावयाचे असेल, तर मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार विशेष परवानगी घ्यावी लागते. रोग्याच्या छातीला नळी लावण्यास हरकत नाही, पण त्या रोगाविषयी प्रश्न विचारावयाचे असतील तर आधी विचारून यावे, असा याचा अर्थ होतो. राज्याला हातांचे भय वाटत नाही, प्रश्नांचे वाटते.

या सर्व विवेचनातून एकच गोष्ट पुनःपुन्हा वर येते. विद्येचे दार गुणांकडे पाहून उघडते असे म्हटले जाते, आणि काही अंशी ते खरे आहे. राज्याचे दार मात्र पाहुण्याच्या गुणाने उघडत नाही. ते यजमानाच्या गरजेने उघडते. १९४८ चे ब्रिटन, १९६५ ची अमेरिका, १९३८ चा चीन यांनी डॉक्टरांना आत घेतले ते त्यांना डॉक्टर हवे होते म्हणून. गरज सरली की तोच माणूस, तीच पदवी आणि तेच कौशल्य असूनही दार मिटते. म्हणून नकार मिळालेल्या तरुणाने आपल्या विद्येविषयी खंत करू नये, आणि प्रवेश मिळालेल्याने तो आपल्या विद्येचाच गौरव आहे असे समजू नये.

या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूस एक तिसरा पक्ष असतो, ज्याला कोणत्याही दारी बोलावले जात नाही. तो म्हणजे रोगी. जो डॉक्टर गेला त्याच्या गावचा रोगी मागे राहतो. मे २०१० मध्ये जागतिक आरोग्य सभेने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीविषयी एक आचारसंहिता स्वीकारली. ज्या देशांत डॉक्टरांची तीव्र टंचाई आहे तेथून पद्धतशीर भरती करू नये, आणि बाहेरून आलेल्यांना स्थानिकांच्या बरोबरीची वागणूक द्यावी, हे तिचे सार. ही संहिता ऐच्छिक आहे. तिच्या भंगाला शिक्षा नाही. तरी गेलेल्याचा हक्क आणि मागे राहिलेल्याची गरज ही दोन्ही तिने एकाच कागदावर मांडली, एवढे तिचे श्रेय मान्य केले पाहिजे.

तेव्हा बाहेर निघालेल्या तरुण डॉक्टराने वा संशोधकाने तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवूनच घर सोडावे. माझी पदवी तेथे कोण मान्य करणार, आणि त्यासाठी कोणती परीक्षा आहे? राहण्याचा परवाना कोणाशी बांधलेला आहे, आणि ती नोकरी सुटल्यास किती दिवस राहता येईल? आणि परत यावयाचे ठरले तर तेथे मिळविलेली पदवी मायदेशी चालेल काय? दलालाच्या तोंडी उत्तरावर विसंबू नये. नियम बदलतात, आणि पुष्कळदा प्रवासी वाटेत असतानाच बदलतात.

शासनाकडे मागणे एवढेच की बाहेरच्या दारांवर आपल्या डॉक्टरांसाठी जी रास्त वागणूक मागितली जाते, तीच आपल्या दारी आलेल्या परक्या अभ्यासकालाही मिळावी: नियम अगोदर जाहीर असावेत, उत्तर ठरलेल्या मुदतीत मिळावे, आणि नकाराचे कारण लेखी असावे. गोदातीरच्या संन्याशाने फ्रेंच डॉक्टराला आपले ग्रंथ उघडून दाखविले, तेव्हा त्याने परवाना विचारला नव्हता. आज परवाना विचारणे अपरिहार्य आहे. ग्रंथ मिटून ठेवणे मात्र अपरिहार्य नाही.